पैसे तयार आहेत, मग कंट्री क्लब ताटकळत का ठेवतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. अमेरिकेत नोकरीत चांगला जम बसलाय. कंपनीतल्या एका वरिष्ठांनी आपणहून 'तुझं नाव आमच्या कंट्री क्लबात सुचवतो' असं म्हटलंय (कंट्री क्लब म्हणजे गोल्फचं मैदान, टेनिस, पोहण्याचा तलाव असलेला सभासदांचा खासगी क्लब). प्रवेश शुल्काची तजवीज झाली आहे. आणि आता कळतंय की अजून शिफारसपत्रं हवीत, गाठीभेटी व्हायच्यात, मग समिती, आणि वर दोन-तीन वर्षांची प्रतीक्षा यादी. एवढं आहे काय त्यात? ही प्रतिष्ठा खरी की नुसता बडेजाव? आणि पैसे घालावेत का?

मी अमेरिकेतल्या खासगी क्लबांच्या सभासद विभागात बरीच वर्षं काम केलंय. अर्जांच्या फायली लावण्यापासून निवड समितीचं इतिवृत्त लिहिण्यापर्यंत सगळं हाताखालून गेलंय, आणि आता क्लबांना त्यांच्या नियमावल्यांबद्दल सल्ला देते. त्यामुळे उत्तर आतल्या बाजूने देते, थोडं लांबेल. माझं मत आधीच सांगून टाकते. क्लबची पत तो किती पैसे मागतो यावरून मोजू नका. पैसे घेऊन दारात उभ्या असलेल्या माणसाला तो किती निर्धास्तपणे परत पाठवू शकतो, यावरून मोजा. हा निर्धास्तपणा बाहेरून घरंदाज वाटतो, पण त्याचं मूळ क्लबच्या ताळेबंदात असतं.

यादीपासून सुरुवात करू, कारण तुम्हाला तीच जास्त खुपतेय. यादीचा एक भाग निव्वळ अंकगणित आहे. गोल्फच्या १८ होलच्या, म्हणजे चेंडू घालायच्या १८ खळग्यांच्या, मैदानावर चौघांचा एक गट सोडायचा, मग साधारण १० मिनिटांनी दुसरा. म्हणजे तासाला २४ खेळाडू. सकाळी ७ ते १२ धरले तर १२०. आणि जो तो शनिवारी सकाळचीच वेळ मागतो. सभासद ६०० केले की दर आठवड्याला भांडणं ठरलेली. म्हणून नावाजलेले क्लब गोल्फच्या सभासदांची संख्या तीन-चारशेच्या आसपास रोखून धरतात. जागा होते ती कुणी वारलं, कुणी गाव सोडलं किंवा कुणाच्या गुडघ्यांनी संप पुकारला तरच.

दुसरा भाग मात्र देखावा असू शकतो. एका क्लबात मी रुजू झाले तेव्हा प्रतीक्षा यादी भली लांब होती. एकेकाला फोन लावत गेले तर कितीतरी जण केव्हाच दुसऱ्या राज्यात गेलेले, आणि काहींना आपण नाव दिलं होतं हेही आठवेना. ती नावं गाळावीत असा मी प्रस्ताव ठेवला. व्यवस्थापक म्हणाले, "राहू द्या. यादीला काही भाडं पडत नाही." तेव्हा 'आमच्याकडे एवढ्या वर्षांची यादी आहे' हे वाक्य ऐकलं की दबून जाऊ नका. गेल्या वर्षी यादीतून प्रत्यक्षात किती जण आत आले, एवढंच विचारा.

आता मुळात ही संस्था कशासाठी जन्मली ते बघू, कारण आजच्या अनेक विक्षिप्त नियमांचा उगम तिथे आहे. बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइनमध्ये १८८२ साली 'द कंट्री क्लब' निघाला, आणि अमेरिकेतल्या या जातीच्या क्लबांचा तो मूळपुरुष मानला जातो. सुरुवातीला तिथे घोड्यांच्या शर्यती आणि बग्ग्यांची रपेट चालायची; गोल्फ आलं ते १८९३ मध्ये. १८९४ मध्ये ज्या पाच क्लबांनी मिळून अमेरिकेची गोल्फ संघटना स्थापन केली त्यांत हा एक होता. शहरातले जुने क्लब हे पुरुषांचे अड्डे होते: वर्तमानपत्र, सिगार, पत्ते. रेल्वे आणि ट्रामगाड्यांमुळे पैसेवाल्यांना शहराबाहेर राहून शहरात काम करणं जमू लागलं, आणि बाहेरच्या या नव्या क्लबांत बायकामुलंही आली. टेनिस, पोहणं, नाचाचे कार्यक्रम, लग्नाच्या मेजवान्या.

माझ्या मते सगळ्या कडवटपणाचं मूळ इथेच आहे. जिथे कुटुंबं एकत्र उन्हाळा घालवतात तिथे मुलांच्या ओळखी होतात आणि पुढे सोयरिकी जुळतात. क्लबात कोण येतं हा प्रश्न मग 'माझ्याबरोबर कोण खेळणार' एवढ्यावर थांबत नाही, 'माझी मुलगी कुणाच्या घरात जाणार' इथवर पोचतो. स्थळाची चौकशी करताना आपल्याकडची माणसं जी बारीक नजर लावतात, तीच नजर निवड समितीत दिसते. फक्त भाषा फार सभ्य असते.

(जाता जाता: याच ब्रुकलाइनच्या मैदानावर १९१३ ची यूएस ओपन गोल्फ स्पर्धा फ्रान्सिस विमेट या वीस वर्षांच्या पोराने जिंकली. तो रस्त्यापलीकडच्या घरात राहायचा आणि लहानपणी याच क्लबात कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहणारा, होता. तेव्हाच्या दोन नामांकित ब्रिटिश व्यावसायिकांना त्याने हरवलं. अमेरिकेत गोल्फ सामान्य माणसांत पोचलं ते बरंचसं या एका निकालामुळे, आणि तो निकाल लागला एका बंद फाटकाच्या आत.)

तुमच्या फायलीचं काय होईल ते आता सांगते. बहुतेक सभासदांच्या मालकीच्या क्लबांत एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो. दोघेही काही वर्षांचे जुने सभासद हवेत, आणि एका वर्षात एक-दोनच नावं सुचवायची मुभा असते. शिवाय आणखी चार-सहा सभासदांची पत्रं. त्यानंतर तुमचं नाव आणि फोटो काही आठवडे फलकावर किंवा सभासदांच्या पोर्टलवर झळकतं, आणि कुणाला काही म्हणायचं असेल तर त्याने समितीला गोपनीय पत्र लिहायचं. पूर्वी शेवटचा निर्णय पेटीत गोळ्या टाकून व्हायचा. पांढरी म्हणजे होकार, काळी म्हणजे नकार. बऱ्याच ठिकाणी एक-दोन काळ्या गोळ्यांत माणूस बाद. आता बहुतेक जागी समितीचं मतदान असतं.

पण नकार मिळेल असं प्रकरण मतदानापर्यंत जातच नाही. वारं उलटं आहे असं दिसलं की अध्यक्ष सूचकाला फोन करतात, "यंदा राहू दे, पुढे बघू." सूचक उमेदवाराला सांगतो की यादी फार लांबली आहे. अर्ज मागे घेतला जातो. सगळ्यांची लाज झाकली जाते, मुख्यतः सूचकाची. म्हणून कागदोपत्री आमच्याकडे जवळपास कुणालाच नकार मिळालेला नसतो! 'एवढा कडक क्लब आणि एकही नकार नाही' याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. आम्हाला वाटत नाही.

पत्रांबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण लोक इथेच घसरतात. एकदा एकाच बैठकीत दोन फायली आल्या. पहिलीतलं मुख्य पत्र दोन पानी: उमेदवाराची कंपनी, किती माणसं हाताखाली, तीन घरं, बोट, दानधर्म. अध्यक्षांनी चष्मा काढून विचारलं, "हे सगळं ठीक आहे, पण हा माणूस यांच्या घरी कधी जेवायला आलाय का?" कुणालाच सांगता येईना. दुसऱ्या फायलीतलं पत्र चार ओळींचं होतं. 'आमच्या शेजारी नऊ वर्षं राहतो. माझी बायको इस्पितळात होती तेव्हा माझी मुलं त्याच्याकडे झोपायची. गोल्फ यथातथाच खेळतो, पण भरभर खेळतो.' यावर चर्चाच झाली नाही, सरळ पुढचा विषय घेतला.

'भरभर खेळतो' हे वाक्य तुम्हाला गमतीचं वाटेल, पण त्याला वजन असतं. उमेदवाराला समितीतल्या दोघा-तिघांबरोबर एक फेरी खेळायला आणि मग जेवायला बोलावतात. तुम्ही किती फटक्यांत होल पूर्ण करता यात कुणाला रस नसतो. चेंडू पडून ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, जो खड्डा पडतो तो तुम्ही वाकून दुरुस्त करता का, मैदानातल्या वाळूच्या खड्ड्यातून बाहेर येताना आपले पाय उमटलेली जागा दाताळ्याने सारखी करता का, मागचा गट खोळंबलाय हे लक्षात येतं का, कॅडीला नावाने हाक मारता का, आणि झाडीत गेलेला चेंडू 'सापडला' की पायाने पुढे सरकला, हे सगळं बघितलं जातं. अशाच एका जेवणाला मी टेबलाच्या कडेला बसले होते. उमेदवाराने सूप यायच्या आत सगळ्यांना व्हिजिटिंग कार्डं वाटली. समितीतल्या वयस्कर गृहस्थांनी कार्ड न वाचता बशीखाली सारलं आणि हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या. ती फाइल त्या दिवसानंतर हललीच नाही.

म्हणजे क्लबात धंदा होत नाही का? होतो, भरपूर होतो. पण तो 'इथे धंदा करत नाही' या नियमाच्या पांघरुणाखाली होतो. बऱ्याच क्लबांत जेवणाच्या खोलीत कागदपत्रं टेबलावर काढायलासुद्धा बंदी असते. यामागे शिष्टाचार आहेच, पण कायदाही आहे. न्यूयॉर्क शहराने १९८४ मध्ये नियम केला की ४०० पेक्षा जास्त सभासद असलेला, नेहमी जेवण देणारा आणि व्यवसायासाठी सभासदांव्यतिरिक्त इतरांकडून नियमित पैसे घेणारा क्लब 'निखळ खासगी' धरला जाणार नाही आणि त्याला भेदभावविरोधी कायदा लागू होईल. कारण उघड होतं. बढत्या आणि व्यवहार जर जेवणाच्या टेबलावर ठरत असतील, तर त्या टेबलावर बसू न दिलेल्या स्त्रिया आणि अल्पसंख्याक धंद्यातही मागे पडतात. क्लबांच्या संघटनेने आव्हान दिलं; १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम कायम ठेवला. १९९३ च्या करकायद्याने क्लबची वर्गणी व्यवसायखर्च म्हणून दाखवण्याची सवलतही काढून टाकली. कंपनीचा चेक आला की काही क्लब तो परत पाठवतात, त्यामागे हा सगळा इतिहास आहे.

कायद्याचा आणखी एक पैलू फार मजेशीर आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलं, खानावळी, नाट्यगृहं यांत वंशभेदाला बंदी घातली, पण खरोखर खासगी असलेल्या क्लबांना वगळलं. झालं, पळवाट दिसताच रातोरात 'क्लब' उगवले. आर्कान्सा राज्यात लिटल रॉकजवळ एक तलाव होता, पोहायला आणि होडीत बसायला लोक जायचे. त्याच्या मालकांनी २५ सेंटचं 'सभासद कार्ड' काढलं. गोरा माणूस आला की कार्ड हातात, काळा आला की 'जागा भरल्या'. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा क्लब वगैरे काही नाही असं ठणकावलं. १९७३ मध्ये मेरीलँडमधल्या एका पोहण्याच्या क्लबाची तीच गत झाली. पाऊण मैलाच्या आत राहणाऱ्या कुणालाही तिथे घेत होते, फक्त तो गोरा हवा. न्यायालयाचं म्हणणं असं की वंश सोडून दुसरी कसलीच निवड नसेल, तर तुम्ही खासगी नाही.

परिणाम काय झाला बघा. खासगी म्हणून टिकायचं तर निवड खरोखर करावी लागते. सूचक, अनुमोदक, पत्रं, समिती हे सोपस्कार निदान अंशतः कायद्याच्या धाकानेही जपले जातात. त्यात करही आला. ना-नफा सामाजिक क्लबांना सभासदांच्या वर्गणीवर प्राप्तिकर नसतो, पण बाहेरच्यांनी क्लबच्या सोयी वापरून दिलेले पैसे एकूण जमेच्या साधारण १५ टक्क्यांच्या आत ठेवावे लागतात. म्हणून तुमच्या क्लबचा हॉल कुणालाही लग्नाला मिळत नाही. ही चौकट ज्या १९७६ च्या कायद्याने आखली, त्यानेच असंही सांगितलं की वंश, वर्ण किंवा धर्म यांवरून भेद करणारा लेखी नियम असेल तर ही सवलत मिळणार नाही. लिंग हा शब्द त्या यादीत नाही. केवळ पुरुषांचे क्लब अमेरिकेत इतकी वर्षं कसे तगले, याचं बरंचसं उत्तर या एका वगळलेल्या शब्दात सापडेल.

ज्यांना आत घेतलं नाही त्यांनी काय केलं? ज्यूंनी स्वतःचे क्लब काढले. लॉस एंजेलिसचा हिलक्रेस्ट १९२० चा. जॅक बेनी, जॉर्ज बर्न्स, मार्क्स बंधू अशी विनोदी नटमंडळी तिथल्या एका टेबलाभोवती जमायची. पुढे क्लबच्या जमिनीत चक्क तेल लागलं आणि सभासदांना त्याचा लाभांश मिळू लागला. ज्यांना इतरांनी दारातून परत पाठवलं, त्यांच्याच क्लबात मग बाहेरचे शिरू पाहू लागले. काळ्या खेळाडूंचं दुखणं याहून खोल होतं. व्यावसायिक गोल्फपटूंच्या अमेरिकी संघटनेच्या, म्हणजे पीजीएच्या, घटनेतच १९३४ ते १९६१ 'फक्त गोरे' असं कलम होतं.

आणि आता ती दोन उदाहरणं, ज्यांवरून मी माझं मत बनवलंय.

अलाबामातल्या बर्मिंगहॅमजवळ शोल क्रीक नावाचा क्लब आहे. १९९० च्या ऑगस्टमध्ये तिथे पीजीए अजिंक्यपद स्पर्धा व्हायची होती. दोन महिने आधी क्लबचे संस्थापक हॉल थॉम्पसन यांनी स्थानिक वृत्तपत्राला सांगितलं की काळ्यांना सभासद करून घेण्यासाठी आमच्यावर कुणी दबाव आणू शकत नाही. गदारोळ उठला, आयबीएमसारख्या कंपन्यांनी दूरचित्रवाणीवरच्या जाहिराती काढून घेतल्या, आणि स्पर्धेच्या आधीच लुई विली या कृष्णवर्णीय उद्योजकांना मानद सभासदत्व मिळालं. वर्षानुवर्षांचं तत्त्व काही आठवड्यांत विरघळलं! त्यानंतर गोल्फ संघटनांनी नियमच केला: भेदभाव करणाऱ्या क्लबात स्पर्धा नाही. कॅलिफोर्नियातल्या सायप्रस पॉइंटने दबाव मानण्याऐवजी स्पर्धेतून अंग काढून घेतलं.

दुसरं उदाहरण जॉर्जियातलं ऑगस्टा नॅशनल, जिथे मास्टर्स ही गोल्फची नामांकित स्पर्धा होते. तिथे अर्जाचा नमुना नाही, यादी नाही. बोलावणं आलं तर आलं. त्यांनी पहिला कृष्णवर्णीय सभासद घेतला तो शोल क्रीकच्या प्रकरणानंतर, सप्टेंबर १९९० मध्ये. स्त्रियांचा प्रश्न २००२ मध्ये पेटला. महिला संघटनांच्या वतीने मार्था बर्क यांनी पत्र लिहिलं, निदर्शनांची भाषा झाली, प्रायोजकांवर दडपण येऊ लागलं. क्लबने काय केलं? प्रायोजकांनाच मोकळं केलं. २००३ आणि २००४ ची मास्टर्स दूरचित्रवाणीवर एकाही जाहिरातीशिवाय दाखवली गेली. कंपन्यांचे पैसे नकोत, म्हणजे कंपन्यांवर दबाव आणून उपयोग नाही. स्त्रियांना प्रवेश मिळाला तो २०१२ मध्ये, माजी परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राइस आणि उद्योजिका डार्ला मूर या दोघींना, म्हणजे दहा वर्षांनी आणि क्लबला वाटलं तेव्हा.

दोन्ही क्लब श्रीमंतांचेच, दोन्हीकडची भूमिका तेव्हा सारखीच चुकीची. फरक एवढाच की एकाला जाहिरातदारांची गरज होती आणि दुसऱ्याला नव्हती. ऑगस्टाला पैशांची चणचण किती कमी आहे ते बघायचं असेल तर मास्टर्स बघायला जाणाऱ्यांना विचारा. जगातल्या सगळ्यात बंदिस्त क्लबाच्या आवारात पिमेंटो चीजचं (चीज आणि लाल मिरचीचं सारण असलेलं) सँडविच कितीतरी वर्षं दीड डॉलरला मिळत आलंय. ज्याला गिऱ्हाइकाकडून काढायचं असतं तो असा भाव ठेवत नाही.

बाहेरच्यांची गरज असली की क्लब नमतो, हे स्कॉटलंडमध्ये म्यूरफील्ड या गोल्फ क्लबनेही दाखवलं. २०१६ मध्ये स्त्रियांना सभासद करण्याच्या बाजूने ६४ टक्के मतं पडली, पण दोन तृतीयांश लागत होती. ब्रिटिश ओपन गोल्फ स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेने लगेच म्यूरफील्डचं नाव स्पर्धेच्या मैदानांच्या यादीतून काढलं. पुढच्याच वर्षी ८० टक्के सभासद राजी झाले.

आता तुमच्या खिशाकडे येते. क्लब दोन प्रकारचे. एक सभासदांच्या मालकीचे, दुसरे एखाद्या कंपनीचे. कंपनीच्या क्लबात समिती असली तरी ती बहुधा सल्ल्यापुरती. विक्री विभागाला दर महिन्याचं लक्ष्य असतं आणि दार तुम्हाला वाटतं त्यापेक्षा उघडं असतं. यात कमीपणा काही नाही, फक्त 'निवड' झाली म्हणून फुलून जाऊ नका. सभासदांच्या मालकीच्या क्लबात तुम्ही मालकही होता, म्हणजे तोट्याचेही मालक. पाण्याचे पाइप बदलायचेत, क्लबहाऊसचं छप्पर गळतंय, असं काही निघालं की 'असेसमेंट' येतं: प्रत्येकाने इतके हजार डॉलर भरावेत. नाही म्हणता येत नाही. मासिक वर्गणी वेगळी, खाण्यापिण्याचा किमान खर्च वेगळा; तुम्ही महिनाभर फिरकला नाहीत तरी तेवढं बिल येतंच.

आणि बाहेर पडणं! काही क्लब प्रवेश शुल्काचा काही भाग परत देण्याचं वचन देतात, पण अट अशी की नवे चार आले की जुन्या एकाला पैसे. चांगल्या दिवसांत हे कलम कुणी वाचत नाही. २००८ नंतर नवे येणंच थांबलं, आणि राजीनामा दिलेल्यांच्या रांगा लागल्या. काही ठिकाणी रांगेत उभं असतानाही वर्गणी भरत राहावी लागायची. ज्यांनी वर्षानुवर्षं अर्जदारांना ताटकळत ठेवलं, तेच क्लब 'या महिन्यात प्रवेश शुल्क माफ' अशी पत्रकं वाटू लागले. माँटानातला यलोस्टोन क्लब, जिथे स्की करायला अब्जाधीश जातात, तोसुद्धा नोव्हेंबर २००८ मध्ये दिवाळखोरीत गेला. २०२० नंतर चित्र पुन्हा पालटलं. घरून काम करणारे लोक मोकळ्या हवेसाठी गोल्फकडे वळले आणि याद्या परत लांबल्या. त्याच क्लबांत, त्याच समित्यांत, तेच कडक चेहरे परत आले.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मनात असणार: आपल्या रंगाचं, नावाचं काय? लेखी आडकाठी आज नाही. मी ज्या समित्यांत बसले तिथे कुणी तसं उघड बोललेलंही ऐकलं नाही. पण पत्रं लिहायला सहा सभासद हवेत, आणि ते सहाही तुम्हाला घरच्यासारखे ओळखणारे हवेत. ज्याचा बाप, सासरा आणि शाळूसोबती क्लबात आहेत त्याला हे सहा जण रविवारच्या जेवणाला भेटतात. तुम्हाला ते शोधावे लागतात. आज माणसं बाहेर राहतात ती बहुतेक अशी, कुणीही 'नाही' न म्हणता. स्त्रियांचंही तसंच. सभासदत्व मिळालं, तरी शनिवारची सकाळ पुरुषांसाठी राखीव आणि पुरुषांच्या उपाहारगृहात बायकांना मज्जाव, हे कितीतरी क्लबांत नव्वदच्या दशकापर्यंत सर्रास चालायचं. सभासदत्व नवऱ्याच्या नावावर असल्याने घटस्फोटानंतर बाईला तलावावर जायची सोय राहत नसे, हेही.

तर पैसे घालावेत का? धंद्याच्या ओळखींसाठी म्हणाल तर माझं उत्तर नाही. त्यासाठी स्वस्त जागा पुष्कळ आहेत, आणि त्या हेतूने आलेला माणूस क्लबात लांबून ओळखू येतो. आठवड्यातून दोनदा खेळणार असाल, मुलं उन्हाळाभर तलावावर पडीक राहणार असतील आणि घरच्यांना ती माणसं आवडली असतील, तर जरूर घाला. आधी पाहुणे म्हणून चार-सहा वेळा जाऊन या. सूचकाला सोडून आणखी कोण तुमच्याशी आपणहून बोलतं ते बघा. पत्रं मागा ती सभासद असलेल्या शेजाऱ्यांची, मुलांच्या शाळेतल्या पालकांची. ऑफिसातल्यांची एक पुरे.

वरिष्ठांनी नाव सुचवलंय हे मला जरा काळजीचं वाटतं, तेवढं मोकळेपणी लिहिते. क्लबात तुमच्या वागण्याची जबाबदारी सूचकावर असते. बिल थकलं, पाहुण्याने तमाशा केला, तरी पहिला फोन त्यांना जातो. उद्या तुम्ही नोकरी बदललीत, किंवा प्रतिस्पर्धी कंपनीत गेलात, तरी शनिवारी सकाळी ते भेटणारच. त्यांच्याशी नातं तेवढं पक्कं नसेल तर दुसरा सूचक मिळेपर्यंत थांबा. यादीत दोन वर्षं जास्त गेली तर बिघडत नाही.

आणि सही करण्याआधी क्लबकडून या गोष्टी लेखी मागून घ्या: गेल्या पाच वर्षांतली असेसमेंट, क्लबवरचं कर्ज, राखीव निधी किती, गेल्या वर्षी किती जण आले आणि किती गेले, सभासदांचं सरासरी वय. सरासरी वय सत्तरीकडे झुकलं असेल आणि राखीव निधी तोकडा असेल, तर पुढच्या दहा वर्षांतले पाइप आणि छप्पर तुमच्या पैशांतून होणार हे धरून चाला. राजीनाम्याचं कलम बहुधा नियमावलीच्या शेवटच्या पानांत असतं. परताव्याची रांग आज चालू असेल तर तिच्यात किती जण उभे आहेत आणि रांगेत असताना वर्गणी चालू राहते का, हे विचारा. चांगला क्लब हे सगळं न कुरकुरता देतो. 'असं आमच्याकडे कुणी विचारत नाही' असं उत्तर आलं, तर चेक अजून काही दिवस खिशातच राहू द्या.